भरल्या श्वासाचं माप

भिवामास्तरांच्या बँडमध्ये नवीन माणसाचं नाव आधी कुणी विचारत नसे. "हा पेटीतला का मापाचा?" एवढंच विचारायचे. पेटी म्हणजे मास्तरांच्या कळव्याच्या खोलीत पलंगाखाली ढकललेली पत्र्याची मोठी ट्रंक. तिच्यात लाल रंगाचे, खांद्यावर सोनेरी गोंडे असलेले तयार कोट घडी घालून ठेवलेले असायचे. मास्तरांनी ते घाऊक आणलेले, लहान, मधला आणि मोठा अशा तीनच मापांचे, आणि आम्ही सगळ्यांनी त्या तिनांत कुठंतरी मावायचं. लग्नाची सुपारी आली की पेटी उघडायची. डांबरगोळ्यांचा आणि आधीच्या माणसांच्या घामाचा मिळून एक वास खोलीभर पसरायचा, आणि ज्याच्या हाताला जो कोट लागेल तो त्या दिवसापुरता त्याचा. जुने वाजवणारे पेटीकडं बघतही नसत. त्यांचे कोट भिंतीला खुंटीवर, प्रत्येकाच्या अंगावर बेतून शिवलेले. हात वर केला तरी बाही मनगटाशी राहायची, पाठीत चुणी पडायची नाही. त्या कोटातला माणूस नुसता उभा राहिला तरी वाजवणारा वाटायचा.

मापाचा कोट मास्तर आपण होऊन कुणाला देत नसत, तो ज्याचा त्यानं मागायचा. "एकाच्या अंगाचा कोट दुसऱ्याच्या कामाचा नाही," ते म्हणायचे. "ज्यानं मागितला, तो माझ्याकडं राहणार असं मी धरतो." तर कधी मागावा, हा आमच्यातला कायमचा विषय. मास्तरांच्या घरच्या, म्हणजे काकी, सांगायच्या, "अंग भरू दे रे सदा आधी. आत्ता शिवलास तर पुढच्या वैशाखात मनगटं बाहेर येतील." परशाचं मत निराळं होतं. परशा माझ्या जोडीला क्लॅरोनेट वाजवायचा, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, मी त्याला तोंडावर परशादा म्हणायचो. तो म्हणायचा, "लग्न ठरलं की शिव. सासरा विचारतो जावई काय करतो, तर नुसता कोट दाखवायचा. तोंड उघडलंस तर पोरगी हातची गेली." मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचो, अजून वाढतोय मी. हे मी इतक्या हंगामांत सांगितलं की शेवटी परशानं मला दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं आणि पेन्सिलीनं खूण केली. पुढच्या वर्षी खूण तिथंच, मी पण तिथंच. "वाढतोय म्हणे," तो म्हणाला. "सद्या, तू काय दुधीभोपळा आहेस का रे?"

खरं कारण मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मी सांगोल्याच्या पलीकडच्या एका कोरड्या गावचा. सातवीत असताना छातीत कफ भरला, तो एकदा उतरला आणि पुन्हा भरला. तालुक्याच्या डॉक्टरांनी कान लावून, बोटांनी टकटक करून सांगितलं की उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग चिकटलाय, तो आता फुगायचा नाही. जीव वाचला, शाळा सुटली ती सुटलीच. घरात मी 'आजारी' झालो. भाऊ रानात जायचे, मी ओसरीला. तिथं बसल्या बसल्या एक बासरी हाताशी आली आणि मास्तर आमच्या जत्रेला आले तेव्हा देवळामागं मी ती वाजवत होतो. मास्तर मूळचे आमच्याच बाजूचे. त्यांनी वडलांना विचारलं, "हे पोरगं द्या मला. माणसांत येईल." एसटी सुटायच्या आधी आईनं खिडकीतून माझा हात धरला. "बाकी समदं खरं सांग," ती म्हणाली, "पर छातीचं कुणाला बोलू नगंस. माघारी धाडतील." मी इतका लांब आलो तो त्या शब्दांसकट. रोज सकाळी डोळे उघडले की पहिला विचार हाच असायचा: आज कळलं तर?

आणि मला पेटीतला कोटच हवा होता. हे सांगितलं तर लोक हसतील, पण पेटीत एक मधल्या मापाचा कोट होता, छातीला चांगलाच आवळ. पेटी उघडली की मी पुढं घुसून नेमका तोच उचलायचो. गाण्यात लांब ओळ आली, माझा दम तुटला, सूर मधेच खाली बसला की मिरवणूक संपल्यावर मीच पहिला बोलायचो, "काय कोट आहे हा! श्वासच घेऊ देत नाही." सगळ्यांना पटायचं. तयार कोटात सगळेच गुदमरायचे. परशा तर म्हणायचा, "त्या कोटात हत्ती पण शेळीसारखा ओरडेल." तो कोट माझ्या वतीनं सगळा दोष अंगावर घ्यायचा. मापाचा कोट शिवला, छातीला पुरेसा सैल, आणि तरी सूर तुटला, तर कुणाकडं बोट दाखवणार? शिवाय फुंकणाऱ्याचं माप घ्यायची पद्धत मी ऐकून होतो. टेलर छातीला दोनदा टेप लावतो, एकदा श्वास सोडून, एकदा भरून, आणि कोट भरल्या श्वासावर कापतो. ते आठवलं की मी पेटीकडं आणखी पुढं घुसायचो.

भीती होती तशी मायाही फार मिळाली त्या घरात, हे लिहिलं नाही तर मला अन्न गोड लागायचं नाही. दोन खोल्या. मागल्या बाजूला खाडीचा वास, ओहोटीला जास्त. सकाळी काकी चिंचेच्या चोथ्यानं युफोनियम आणि ट्रम्पेट घासायच्या आणि मग तीच चिंच आमच्या आमटीत का घालत नाही म्हणून मास्तर चेष्टा करायचे. कारण आमच्यात फुंकणाऱ्यांना आंबट वर्ज्य. घसा धरतो म्हणून. काकी दोन आमट्या करायच्या. ढोलताशावाल्यांची चिंचेची, आणि आम्हा फुंकणाऱ्यांची येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्याच्या पिठाची, नुसती दाट आणि तिखट, भाकरी कुस्करून खायची. मला वाढताना त्या वर एक तेलाची धार सोडायच्या. "तुझा गळा कोरडा वाटतो मला," म्हणायच्या. मी मान खाली घालून जेवायचो. दुपारी शेजारी झोपलेले असायचे, म्हणून क्लॅरोनेटच्या खालच्या तोंडात जुना मोजा कोंबून मी सराव करायचो. सूर बोळ्यातून यावा तसा यायचा, आणि शेजारच्या आगरी आजी भिंतीपलीकडून ओरडायच्या, "ए पोरा, ती मांजर सोड ना!" मी थांबलो की काकी आतून म्हणायच्या, "वाजव रे. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून ओरडतात." ज्या माणसांनी एवढं केलं त्यांच्यापासून मी एक गोष्ट लपवून ठेवली आहे, ही जाणीव त्या तेलाच्या धारेबरोबर रोज पोटात जायची.

आता माझी नात मोबाईलवर कपडे मागवते. आले, घातले, नाही बसले तर पिशवीत घालून परत. मी तिला विचारलं, बाई, एकदा टेलरकडं का जात नाहीस? ती म्हणाली, "आजोबा, तो टेप लावतो ते मला आवडत नाही. उगाच सगळं कळतं त्याला." पोरीला काय सांगणार, तुझा आजोबा काय म्हणून घाबरायचा ते.

तर डोंबिवलीची ती मिरवणूक. गोरज मुहूर्ताचं लग्न, वैशाखातली संध्याकाळ, रस्त्याचं डांबर अजून तापलेलं. नवरदेव घोड्यावर, आणि त्याचा मामा आमच्यापुढं उलटा चालत नाचतोय. मामाला एकच गाणं हवं. संपलं की हात वर करून, "परत! परत तेच!" त्या गाण्यात मधे एक लांब ओळ आहे, वर चढते आणि वरच थांबते. पहिल्या खेपेला मी कसाबसा तरलो. दुसऱ्या खेपेला ओळ अर्धी सोडली. तिसऱ्या खेपेला वर चढलो आणि वर हवाच नव्हती. मामाचा घामेजला चेहरा, घोड्याचे गोंडे, हॉलच्या माळा सगळं एकमेकांत मिसळलं आणि मी रस्त्यावर बसलो. क्लॅरोनेट तेवढं छातीशी धरून ठेवलेलं. परशा ओरडला, "कोट काढा त्याचा! आवळतोय कोट!" दोघांनी ओढून बटणं सोडवली, एक तर तुटूनच उडालं. कोट अंगावरून निघाला. वारा लागला. आणि तरी श्वास येईना. मी तोंड उघडून ओढतोय, आणि आत भिंतीसारखी ती चिकटलेली जागा. तोपर्यंत हा कोटाचा बहाणा मी लोकांना सांगत होतो, पण बहुधा स्वतःलाही थोडा पटवलेला होता. त्या रस्त्यावर कोट शेजारी पडलेला होता आणि मी तसाच गुदमरत होतो. हळूहळू श्वास लागला तेव्हा पहिलं वाक्य तोंडातून आपसूक गेलं, "कोट आवळ होता." परशानं मान हलवली. मास्तर मात्र कोटाकडं बघत नव्हते. माझ्याकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर म्हणाले, "सदा, चल. नौपाड्याला टेलरकडं. तू मागत नाहीस, तर मी देतो." त्यांनी आपला नियम असा कधी मोडलेला कुणी पाहिला नव्हता. परशानं शीळ घातली. मी म्हणालो, "मास्तर, पुढच्या हंगामाला शिवू की. अजून..." "वाढतोयस, ठाऊक आहे," मास्तर म्हणाले आणि चपला घालायला लागले. काकींनी वाढलेली भाकरी मी नुसतीच कुस्करत बसलो. "एवढं काय रे घाबरतोस?" त्या म्हणाल्या. "टेलर आहे, दाताचा डॉक्टर नव्हे." मी हसायचा प्रयत्न केला. रिक्षा खाडीच्या पुलावर आली तेव्हा मनात आलं, आत्ता सांगून टाकावं, मास्तर, असं असं आहे. तोंड उघडलंही. मास्तरांनी विचारलं, "काय?" मी म्हणालो, "काही नाही. ऊन आहे."

नौपाड्यातले रघुनाथ टेलर म्हातारे होते, गळ्यात टेप, कानावर खडू. दुकान एवढंसं. बाकावर एक बाई ब्लाउज घ्यायला बसलेली, तिच्या शेजारी एक गृहस्थ पेपर वाचत. रघुनाथकाकांची पद्धत अशी, की माप मोठ्यानं पुकारायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं. त्या दिवशी लिहायला मास्तरच बसले. "खांदा!" आणि आकडा. "बाही!" आणि आकडा. मला वाटत होतं की पेपरवाले गृहस्थसुद्धा माझ्या छातीकडं कान लावून बसलेत. मग टेप छातीभोवती आला. "सोड बाळा श्वास. सगळा सोड. बत्तीस." मास्तरांनी लिहिलं. "आता भर. पोटातून भर, गाणं सुरू करणार तसा." मी भरला. आयुष्यात भरला नसेल इतका भरला, खांदे वर ओढले, टाचा उचलल्या. रघुनाथकाका टेपकडं बघत राहिले. "खांदे नको. छाती. भर." मी पुन्हा भरला. "बत्तीस," ते म्हणाले, आणि मग स्वतःशीच पुटपुटले, "बत्तीसला जरासं वर." त्यांनी टेप सोडला, चष्मा वर सारला आणि माझ्या दोन्ही बरगड्यांवर तळहात ठेवले. "घे श्वास." "मास्तर," ते म्हणाले, "याची उजवी बाजू उठतच नाही."

बाकावरच्या बाईंनी वर पाहिलं. मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. मला वाटलं, झालं, आजच्या रातराणी एसटीनं गाव. आणि मग जे इतकी वर्षं दाबलेलं ते एका दमात बाहेर आलं, कफ, तालुक्याचा डॉक्टर, ओसरी, आईचं वाक्य, सगळं. माझ्या एका श्वासात मावेल त्याहून किती तरी जास्त. मास्तर ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मग इतके दिवस फुंकत होतास ते कशानं?"

"डाव्यानं," मी म्हणालो.

रघुनाथकाका फिसकन हसले. मास्तर हसले नाहीत. उठून दुकानाच्या पायरीवर जाऊन रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. मी टेबलाला धरून उभा. रघुनाथकाकांनी लाल कापड पसरलं, खडू हातात घेतला आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात पायरीकडं विचारलं, "मास्तर, कापू कशाचा? फुंकणाऱ्याचा का ठोकणाऱ्याचा?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ढोलवाल्याचा कोट खांद्यात सोडावा लागतो, हात फिरायला. छातीशी त्याचं काही अडत नाही. फुंकणाऱ्याचा छातीवर. एकदा कापलं की कापड परत जुळत नाही."

मास्तर न वळता म्हणाले, "त्याला विचारा. घालणार तो."

मी इतकी वर्षं ठरवायचं टाळत होतो, आणि ते शेवटी एवढ्याशा दुकानात, दोन परक्या माणसांसमोर ठरवायची वेळ आली. ढोल म्हटलं तर सुटलो. हात चांगले होते माझे. कुणाला काही कळायचं नाही, घर राहील, काकींची आमटी राहील, फक्त दुसऱ्या पातेल्यातली. आणि क्लॅरोनेट खुंटीला. ते डोळ्यांपुढं आलं आणि मला डोंबिवलीच्या रस्त्यावर आली होती त्याहून वाईट भीती वाटली. "फुंकणाऱ्याचा," मी म्हणालो. "पण काका, छाती आहे तेवढीच धरा. मोठी नको."

मास्तर वळले. "आधी डॉक्टरला दाखवायचं," ते म्हणाले. "तो नाही म्हणाला तर हे कापड ढोलाचं. आणि हो म्हणाला, तर परशाला तू सांगायचंस. मी सांगणार नाही. तुझ्या खांद्याला खांदा लावून तो उभा असतो."

ठाण्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, उजेडाला धरला आणि म्हणाले की जुनी खूण आहे, वाढत नाही, दम लागला की थांबायचं, एवढं पाळलं तर वाजवू दे. मास्तरांनी तो फोटो घडी न पडू देता घरापर्यंत आणला आणि काकींना दाखवला. काकींना त्यातलं काय दिसलं कोण जाणे. त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि मला म्हणाल्या, "मेल्या, मी तेल गळ्यासाठी घालत होते!" मला कुणी माघारी धाडलं नाही. पण परशाला सांगणं राहिलं, आणि ते मला डॉक्टरपेक्षा अवघड वाटत होतं. परशाच्या तोंडी गेलेली गोष्ट कल्याणपर्यंतच्या सगळ्या बँडवाल्यांना संध्याकाळपर्यंत कळायची. मला आतापासूनच ऐकू येत होतं: अर्ध्या फुप्फुसाचा सद्या.

कोट आला. बाह्या मनगटावर, पाठ सपाट. छातीवर हात ठेवला तर कापडाखाली लगेच मी. पहिली सुपारी ठाण्यातच होती. मंडळी जमत होती, घोडा यायचा होता. परशा भिंतीला टेकून क्लॅरोनेटची पत्ती ओठांत धरून ओली करत होता. "वा," तो पत्तीआडून म्हणाला. "आता सासरा शोधू तुला."

"परशादा, एक सांगायचंय."

"पैसे नाहीत."

"पैसे नकोत. माझं उजवं फुप्फुस नीट फुगत नाही. लहानपणापासून. ती लांब ओळ माझ्यानं होत नाही, मधे श्वास घ्यावाच लागतो मला."

त्यानं पत्ती तोंडातून काढली. "मधे म्हणजे कुठं?"

"काय?"

"अरे, कुठं घेतोस? गाऊन दाखव."

मी हळू आवाजात ओळ म्हटली आणि वर पोचायच्या जागी बोट उचललं. परशानं डोकं भिंतीवर आपटलं. "सद्या, गाढवा, तिथं मी घेतो."

"तू?"

"मग? इतक्या विड्या काय फुकट ओढल्यात? तिथं माझा दम संपतो. मला वाटायचं तू धरतोयस."

"मला वाटायचं तू."

"म्हणून ते गाणं तिथं खड्ड्यात जातं! आणि मी त्या ट्रम्पेटवाल्याला शिव्या घालतोय." तो हसायला लागला, हसता हसता खोकायला लागला, आणि खोकला थांबला तेव्हा त्यानं आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही. त्या नजरेवरून मला कळलं की तोही घाबरत होता. "हे बघ," तो आवाज उतरवून म्हणाला, "मी मोठा आहे. ती जागा माझी."

"घे. मी आधी घेतो, चढाच्या अलीकडं."

"आणि मी थांबलो की वर एकटा तू. पुरेल?"

"माहीत नाही."

"हं," परशा म्हणाला. "मला पण माहीत नाही. चल, घोडा आला."

मास्तरांनी हात वर केला. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. चढाच्या अलीकडं मी क्लॅरोनेट ओठांपासून बाजूला केलं आणि सगळ्यांना दिसेल असा, ऐकू जाईल असा श्वास घेतला. कोट छातीबरोबर जेवढा सरकायचा तेवढा सरकला. शेजारी परशाचा सूर चालू होता. मी त्यात शिरलो, दोघं मिळून वर चढलो, आणि वर पोचताच परशा थांबला. रस्त्यावर एकट्या माझाच सूर उरला. डोळ्यांपुढं ठिपके यायला लागले होते. परशाचा श्वास घेतल्याचा आवाज कानाशी आला, लांब, घरघरता, आणि तो पुरा होईपर्यंत मी सूर सोडला नाही.